सायकल टूरवर फिल्म कॅमेरा न्यायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी पहाटे पोवई नाक्यावर सायकली टेकवून चहा घेत असतो, तेवढ्यात गळ्यातला कॅमेरा बघून कोणी ना कोणी विचारतंच, "हा रोलवाला का? अजून मिळतो रोल?" सुरुवात अशी भाबडी असते. यवतेश्वरचा घाट चढून होईपर्यंत तोच माणूस बॅटरी, वजन, लेन्स, धुलाईचा खर्च इथवर पोचलेला असतो. धापा टाकत तीच तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी.

मी धंदेवाईक फोटोग्राफर नाही. कुंभार्ली घाट उतरून किनाऱ्याने गोवा, आणि सांगली, मिरज, विजापूर करत हंपी, अशा दोन लांबच्या टूर फिल्म कॅमेरा घेऊन केल्या. साताऱ्याच्या आसपास तर सारखंच चालू असतं. खाली लिहिलेलं बरंचसं स्वतःच्या चुकांमधून आलंय.

मोबाइल असताना फिल्म कॅमेरा कशाला?

गरज अशी काहीच नाही. आठवण म्हणून फोटो हवे असतील तर मोबाइल पुरतो, उगाच वजन वाढवू नका. मला फिल्म आवडते, आणि टूरवर तिचा एक व्यवहारी फायदाही आहे: मोबाइलची बॅटरी नकाशासाठी आणि घरच्यांच्या फोनसाठी शिल्लक राहते. शिवाय रात्री मुक्कामाला पोचल्यावर दोनशे फोटो चाळत बसावं लागत नाही. जेवायचं, सायकल पुसायची, झोपायचं.

एकच नाव सांगा ना. कोणता कॅमेरा घेऊ?

हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवावा लागतो. कॅमेरा सायकलवर कुठे राहणार हे आधी ठरवा, मग कोणता ते आपोआप ठरतं.

गोव्याच्या टूरला मी एसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा, आतल्या आरशातून लेन्समधूनच बघायचा मोठा कॅमेरा, आणि दोन लेन्स नेल्या होत्या. मागच्या कॅरिअरवरच्या बॅगेत, टी-शर्टात गुंडाळून, वर बंजी दोरी. दाभोळच्या फेरीबोटीवर चढताना एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन पुढे चालली होती, मागे खाडी, सकाळचं कोवळं ऊन. मी सायकल स्टँडला लावली, दोरी सोडली, बॅग उघडली, टी-शर्ट उलगडला, लेन्सचं झाकण काढलं. तोवर बाई बोटीत बसून शेजारणीशी गप्पा मारत होत्या. अख्ख्या टूरमध्ये जेमतेम दोन रोल झाले. हंपीला छोटा कॅमेरा पुढच्या हँडलबार बॅगेत ठेवला, सीटवरून न उतरता हाताला लागेल असा. सात रोल झाले, आणि त्यातले बरेचसे ठेवण्याजोगे.

तेव्हा नावं हवीच असतील तर अशी. हँडलबार बॅगेत बसणाऱ्यांत ऑलिंपस एक्सए मला सर्वांत पटतो. १९७९ मध्ये योशिहिसा मैतानी यांनी डिझाइन केलेला हा कॅमेरा साधारण सव्वादोनशे ग्रॅमचा, म्हणजे पाव किलो पेढ्यांपेक्षाही हलका. लेन्स ३५ मिमीची, पुढचं सरकतं झाकण लावलं की लेन्सही झाकते आणि शटरही बंद होतं, त्यामुळे बॅगेत चुकून बटण दाबलं जात नाही. त्याचा भाऊ एक्सए-२ आणखी सोपा: जवळ, मध्यम, लांब एवढीच निवड. ऑलिंपस ट्रिप ३५ थोडा जड, चारशे ग्रॅमच्या आसपास, पण त्याला बॅटरीच लागत नाही. लेन्सभोवतीची खडबडीत काच म्हणजे त्याचा सेलेनियमचा प्रकाशमापक. उजेड कमी असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल जीभ वर येते आणि बटण दाबलं जात नाही. मी पहिल्यांदा वापरला तेव्हा बिघडलाय समजून परत करायला निघालो होतो.

एसएलआरच हवा असेल तर निकॉन एफएम-२, पेंटॅक्स के-१०००, ऑलिंपस ओएम-१ यांपैकी चांगल्या अवस्थेत जो हाताला लागेल तो. तिघांचंही शटर यांत्रिक, बॅटरी मेली तरी चालणारं. नुसती बॉडी के-१००० ची सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, ओएम-१ ची त्याहून शंभरेक ग्रॅम कमी. निकॉन एफएम-१० प्लॅस्टिकचा वाटतो, आहेही, पण चारशेवीस ग्रॅमच्या आसपास बसतो आणि चढावर त्या प्लॅस्टिकचं कौतुक वाटतं.

घरात बाबांचा जुना कॅमेरा पडून आहे. तोच नेला तर?

न्या की! आधी कपाट उघडा, मग खरेदीचं बोला. आपल्याकडच्या घरांत बहुतेक तीन-चार गोष्टीच सापडतात.

याशिका एमएफ-२ असेल तर नशीबवान आहात. फोकस करायचा नाही, पेन्सिल सेलवर चालतो, आणि पेन्सिल सेल म्हसवडच्या पानटपरीवरही मिळतो. फोटो काही फार काटेकोर येत नाहीत, पण रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला तेवढं माफ. हॉट शॉट हा साधा कॅमेरा असेल तर उन्हातच वापरा. अगफा क्लिक थ्री सापडला तर त्याला आपला नेहमीचा ३५ मिमी रोल चालत नाही, १२० नंबरचा लागतो आणि त्यात बाराच चौकोनी फोटो येतात. दिसतो मात्र असा देखणा, की वाटेतली म्हातारी माणसं स्वतःहून थांबून बोलतात.

याशिका इलेक्ट्रो ३५ लग्नाच्या अल्बमांत खूप राबलेला कॅमेरा. लेन्स सुंदर, एफ १.७ पर्यंत उघडणारी. पण पाऊण किलोच्या आसपास वजन, आणि बॅटरी नसली तर शटर एकाच वेगाला, १/५०० सेकंदाला, अडकून राहतं. त्याची मूळ पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, सहा व्होल्टची बॅटरी ॲडाप्टरमध्ये घालून चालवतात.

पाऱ्याच्या बॅटरीचं हे काय प्रकरण आहे?

ओएम-१, रोलाय ३५ अशा साठ-सत्तरच्या दशकातल्या कॅमेऱ्यांचे उजेड मोजणारे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. पाऱ्यामुळे ते सेल बंद झाले. त्याच मापाचा आजचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो, त्यावर मीटर चुकीचं सांगतो, आणि सेल उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते.

यावर स्वस्त तोडगा म्हणजे कानाच्या मशीनचा सेल. ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मागा, कर्णयंत्रं विकणाऱ्या दुकानात सहा-सहाचं पाकीट मिळतं. १.४ व्होल्ट देतो, तेवढा फरक चालून जातो. मूळ सेलपेक्षा अंगाने बारीक असल्यामुळे भोवती रबराची रिंग घालावी लागते. मी घरच्या नळाचा वायसर कातरून घातलाय. फक्त लक्षात ठेवा, स्टिकर सोलला की हा सेल हवा खायला लागतो आणि वापरा न वापरा, दीड-दोन महिन्यांत संपतो. टूरच्या आदल्या दिवशी सोला. दुकानदार विचारतो, "आजोबांसाठी का?" मी हो म्हणून टाकतो. कॅमेऱ्याचं वय बघता खोटंही नाही.

एक्सए, एफएम-२ यांना एलआर ४४ नावाचे दोन बटण सेल लागतात, घड्याळाच्या दुकानात मिळतात. के-१००० ला एक पुरतो, पण त्याचा मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण ठेवलं नाही तर सेल उतरतो.

जुना कॅमेरा विकत घेताना काय बघायचं?

मागचं झाकण उघडा, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं लहान-मोठं होणारं भोक) पूर्ण खुलं ठेवा, मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार पाडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हमखास होते. कडेला चिमूटभर असेल तर फोटोत दिसत नाही, मधोमध असेल तर सोडून द्या. नुसती धूळ दिसली तर घाबरू नका.

शटर एक सेकंदाला लावून दाबा आणि कानाने ऐका. "एक हजार एक" म्हणेपर्यंत बंद झालं पाहिजे. मग अर्धा, पाव सेकंद. आवाज ओढल्यासारखा येत असेल तर आतलं तेल घट्ट झालंय. झाकणाच्या खोबणीतला काळा फोम बोटाने दाबून बघा. डांबरासारखा चिकटला तर बदलावा लागेल, नाहीतर प्रकाश आत शिरून प्रत्येक फोटोवर केशरी पट्टा. बॅटरीच्या खान्यात हिरवट-पांढरं साठलं असेल तर कानकाडीला व्हिनेगर लावून पुसता येतं, पण तार आतून कुजली असेल तर काम वाढतं.

सेल्फ टायमरला हात लावू नका. वर्षानुवर्षं न फिरलेला टायमर मध्येच अडकतो आणि सगळा कॅमेरा ठप्प होतो.

रेंजफाइंडर सायकलवर टिकतो का?

टिकतो, पण गचक्यांनी त्याची नजर हलते. रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस करतात, आणि हे जुळवणारा आतला आरसा नाजूक असतो. मेढ्याकडे जाताना उखडलेल्या रस्त्यावर माझा एक कॅमेरा असाच बिनसला. मला कळलं रोल धुऊन आल्यावर. माणूस धूसर, मागची म्हैस मात्र तिच्या शिंगावरच्या रंगासकट लख्ख.

तेव्हापासून निघायच्या आधी घराच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्यावरचा टॉवर बघतो. फोकस अनंतावर लावला की दोन टॉवरचा एक झाला पाहिजे. वाटेत असा टॉवर, देवळाचा कळस, पवनचक्की रोज एकदा बघून घ्यावी. जुळत नसेल तर लेन्सवरच्या अंतराच्या नुसत्या आकड्यांवर फोकस करा. ३५ मिमी लेन्स, ॲपर्चर एफ ८, फोकस पाच मीटरवर ठेवला तर साधारण अडीच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. खरं तर बिघाड नसतानाही सायकलवर हीच पद्धत बरी. फोकस करत बसायला वेळ कुठे असतो?

लेन्स किती न्याव्यात?

एक. ३५ किंवा ५० मिमी, जी तुमच्या हातची असेल ती. धुळीच्या रस्त्यावर लेन्स बदलणं म्हणजे कणीक मळताना खिडकी उघडी ठेवण्यासारखं आहे. तारडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला माउलींचं रिंगण बघायला गेलो होतो. घोडा धावला, माती उडाली, आणि मी नेमका त्याच वेळी लेन्स काढून हातात धरलेली. त्या रोलच्या प्रत्येक फोटोला वरच्या कडेला एकच केस आहे.

कॅमेरा ठेवायचा कुठे आणि गचक्यांपासून वाचवायचा कसा?

मागच्या कॅरिअरवर कधीच नाही. मागच्या चाकाचा धक्का सरळ कॅरिअरला लागतो आणि रोज सहा-सात तास ती थरथर चालू राहते. आपटण्यापेक्षा ही बारीक थरथर वाईट, कारण तिने स्क्रू सैल होतात. हंपीहून परतल्यावर माझ्या कॅमेऱ्याच्या खालच्या पत्र्याचे दोन स्क्रू बॅगेच्या तळाशी सापडले. आता छोटा स्क्रूड्रायव्हर जवळ असतो, दर दोन दिवसांनी हलक्या हाताने पिळून बघतो.

सर्वांत सुरक्षित जागा आपलं शरीर. हातपाय धक्का जिरवतात, तो कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. पट्टा खांद्यातून तिरका, कॅमेरा पाठीवर, आणि कमरेभोवती इलॅस्टिकचा पट्टा, म्हणजे तो पुढे झुलत येत नाही. अडचण घामाची. घामातलं मीठ धातूला आणि चामड्याला खातं. संध्याकाळी आधी किंचित ओल्या, मग कोरड्या कापडाने पुसा. गुहागर ते मालवण पट्ट्यात समुद्राची खारी हवाही त्यात भर घालते.

हँडलबार बॅगेत ठेवणार असाल तर तळाला फोम हवा. कॅम्पिंगची जुनी फोमची चटई कापून दोन थर घालतो. कॅमेरा उभा नाही, आडवा, लेन्स वर. आणि त्याच खणात चाव्या, पंक्चरची कानस, टायर लिव्हर यातलं काहीही नको.

फिल्म कोणती घेऊ आणि किती?

एकाच जातीची, ४०० आयएसओची. हा आकडा जितका मोठा तितका फिल्मला उजेड कमी पुरतो. पहाटे चारापाण्याला निघालेली बैलगाडी, दुपारचा रखरखाट आणि संध्याकाळचा मुक्काम, तिन्ही एका रोलमध्ये निभावतात. रंगीत हवी तर कोडॅक अल्ट्रामॅक्स ४००, कृष्णधवल हवी तर इलफर्ड एचपी ५ प्लस. दोन्ही चुका पोटात घालणाऱ्या. पैसे वाचवायचे असतील आणि फिरणं उन्हातलंच असेल तर २०० ची रंगीत फिल्मही छान. कोडॅक गोल्डवर सांगलीची हळद आणि कोकणातला जांभा जे दिसतं ते मला महागड्या फिल्मपेक्षा जास्त आवडतं. हा माझा पक्षपात समजा.

स्लाइड फिल्म, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायची सरळ रंगांची फिल्म, नको. तिला उजेडाचा अंदाज थोडाही चुकलेला चालत नाही, आणि धुणाऱ्या लॅब आपल्या देशात मोजक्याच. सिनेमाची फिल्म छोट्या डबीत भरून स्वस्तात विकतात, तीही जपून घ्या. अशा बऱ्याच फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर असतो आणि नेहमीच्या रंगीत लॅबच्या मशीनमध्ये गेला तर सगळं रसायन खराब होतं. घेणार असाल तर आधी लॅबला विचारा.

किती? पहिल्या टूरला दोन दिवसांना एक रोल धरा आणि वर दोन जास्त. डबीसकट एक रोल पंचवीस-तीस ग्रॅमचा, दहा रोल म्हणजे पाण्याच्या अर्ध्या बाटलीपेक्षा कमी. वाटेतल्या गावात मिळेल या भरवशावर राहू नका.

हाफ फ्रेम कॅमेऱ्याचं बरेच जण विचारतात. ऑलिंपस पेनसारख्या कॅमेऱ्यात ३६ च्या रोलवर ७२ फोटो बसतात, खर्च निम्मा. हिशेब बरोबर आहे. पण एकट्याने फिरताना ७२ संपता संपत नाहीत, आणि मध्ये रोल बदलून कृष्णधवल घालावा म्हटलं तर अडकून बसता.

माणदेशातल्या उन्हात रोल खराब होतो का?

एखाद्या दुपारने होत नाही, पण रोज तापला तर रंग सरकतात. मार्च-एप्रिलमध्ये दहिवडी, म्हसवड, पुढे आटपाडीकडे चाललात आणि काळ्या प्लॅस्टिकच्या बॅगेत सगळ्यांत वर रोल ठेवले, तर आत भट्टी होते. रोल कपड्यांच्या मधोमध ठेवा, सावलीच्या बाजूच्या बॅगेत. दुपारी देवळात किंवा एसटीच्या निवाऱ्यात टेकाल तेव्हा बॅगही सावलीत घ्या, सायकलवरच टांगून ठेवू नका.

घरी रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर काढल्या काढल्या डबी उघडू नका. तासभर तशीच राहू द्या. थंड फिल्मवर आपल्या हवेतली वाफ धरते. आणि काढून झालेला रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, उमटलेलं चित्रही हळूहळू फिकं होतं.

पावसाळ्यात कासला नेता येईल का?

नेता येईल, मी नेतो. पण अपेक्षा ठरवून न्या. कासची फुलं गालिच्यासारखी दिसतात ती मोबाइलवरच्या फोटोंत. प्रत्यक्षात सीतेची आसवं, गेंद ही फुलं इवलीशी, जमिनीलगत. एक्सएसारखा कॅमेरा ८५ सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकसच करत नाही. ५० मिमीची एसएलआर ४५ सेंटिमीटरपर्यंत जाते, तरी फूल लहानच. लेन्सपुढे स्क्रूने बसणारी क्लोज-अप काच नेली तर काम होतं, वजन नगण्य. वाटेबाहेर पाय टाकून मात्र एकही फोटो नको. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि तेव्हापासून गर्दीच्या बुटांनी त्याचा जीव नकोसा केलाय.

धुक्यात मीटर फसतो. सगळं पांढरं दिसल्यामुळे त्याला वाटतं भरपूर उजेड आहे, आणि फोटो मळकट येतो. एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, द्या. भुरभुर पावसासाठी ब्रेडची पारदर्शक पिशवी: लेन्सएवढं भोक पाडायचं, रबरबँडने बांधायचं, खालून हात घालायचा. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेतून बाहेर काढा, पंख्याखाली ठेवा, मग सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात. चामड्याच्या केसमध्ये ठेवून कपाट बंद केलं की बुरशीला आमंत्रणच.

मीटर चालत नाही. अंदाजाने फोटो येतील?

येतात. जुन्या लोकांनी वर्षानुवर्षं तसेच काढले. कडक ऊन, सावली काळीभोर: ॲपर्चर एफ १६ आणि शटर फिल्मच्या आकड्याएवढं. २०० ची फिल्म असेल तर १/२५०, ४०० ची असेल तर १/५००. सावली फिकट झाली तर एफ ११. सावली पडतच नसेल पण उजेड असेल तर एफ ८. दाटून आलं असेल तर ५.६. झाडाखाली, ओसरीवर एफ ४. आपली सावली बघायची आणि आकडा फिरवायचा. सायकलवर सावली कायम शेजारून धावत असते, त्यामुळे सवय लवकर होते. गोंधळलात तर रंगीत फिल्मला उजेड जास्तच द्या, कमी नको.

घाट चढून आल्यावर फोटो हलतात. माझाच हात असा आहे का?

तुमचा एकट्याचा नाही. पसरणी चढून वर टेकलात की छाती भात्यासारखी चाललेली असते, मनगटात ठोके जाणवतात. तेव्हा १/६० वगैरे विसरा, १/२५० च्या खाली जाऊ नका. उजेड कमी असेल तर आधी दोन मिनिटं पाणी प्या, वाई खाली कुठपर्यंत पसरलंय ते बघा, मग कॅमेरा सीटवर टेकवा, अर्धा श्वास सोडा आणि दाबा.

ट्रायपॉडऐवजी मी कापडी पिशवीत अर्धा किलो मूगडाळ नेतो. मैलाच्या दगडावर, पुलाच्या कठड्यावर, सायकलच्या सीटवर ती कशीही बसते आणि कॅमेरा तिच्यात रुततो. विजापूरला गोल घुमटाच्या आत अर्ध्या सेकंदाचे फोटो तिच्यावरच काढले. शेवटच्या मुक्कामी तिची खिचडी होते.

फ्लॅश? मीडियम फॉरमॅट?

फ्लॅश नको. मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे १२० च्या रुंद रोलवर चालणारा, याशिका मॅट किलोभराचा, रोलला बारा फोटो. एक मित्र हट्टाने घेऊन गेला आणि कराडहून तो एसटीने घरी पाठवला.

रोल भरताना काय चुकतं?

इथे जरा बसून सांगतो, कारण याचा सल अजून आहे.

चिपळूणला संध्याकाळी नवीन रोल भरला, घाईत. शेपटी खोबणीत घातली, झाकण लावलं, दोनदा लिव्हर ओढला, आकडा एकवर आला. मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगडला फेरीबोट, गणपतीपुळे. छत्तीस झाले. सदतीस झाले. अडतीसला वाटलं, वा, दोन फुकट मिळाले. चाळीसला घाम फुटला. शेपटी खोबणीतून सुटली होती, आणि फिल्म पूर्ण वेळ डबीतच बसून होती. शटर उघडत-मिटत होतं, आकडा पुढे जात होता. अडीच दिवसांचा एकही फोटो नाही.

तेव्हा हे पाठ करा. शेपटी अडकवल्यावर झाकण उघडं ठेवूनच एकदा लिव्हर ओढा, दोन्ही कडांची भोकं दातऱ्यांत बसलेली दिसली पाहिजेत. झाकण लावा. डाव्या बाजूची रोल गुंडाळायची चकती बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढून घ्या. आता लिव्हर ओढला की ती चकती उलटी फिरली पाहिजे. फिरत असेल तर फिल्म पुढे चाललीय, नसेल तर नाही. आकड्यावर विश्वास नको. दर चार-पाच फोटोंनी त्या चकतीकडे नजर टाकायची सवय ठेवा, जसं आपण टायर दाबून बघतो.

रोल संपल्यावर शेपटी पूर्ण आत गुंडाळा. बाहेर राहिली तर नवा समजून पुन्हा भरला जातो आणि एकावर एक दोन गावं येतात. डबीवर पेनाने क्रमांक आणि तारीख घाला.

वाटेत फिल्म अडकली, किंवा चुकून झाकण उघडलं तर?

झाकण उघडलं तर किंचाळायच्या आत बंद करा. डबीच्या आत गेलेली किंवा अजून न वापरलेली फिल्म वाचते, बाहेर गुंडाळलेल्यातले वरचे थर जातात. सगळं गेलं समजून फेकू नका.

अडकली असेल तर जोर लावू नका, भोकं फाटतात. आधी खालचं रिवाइंडचं छोटं बटण दाबलंय का ते बघा. निम्म्या वेळा तेच विसरलेलं असतं. तरी हलत नसेल तर रात्रीपर्यंत थांबा. लॉजच्या बाथरूममध्ये दिवा बंद, दाराच्या फटीला टॉवेल, अंगावर गोधडी, आणि तिच्या आत कॅमेरा उघडून हातानेच फिल्म डबीत गुंडाळायची. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करू नये.

रोल धुवायला कुठे द्यायचे?

एकेकाळी कलर लॅबमध्ये सकाळी रोल टाकला की संध्याकाळी प्रिंट मिळायच्या. आता मी पुण्या-मुंबईला पाठवतो. टूर लांबली तर झालेले रोल मधल्याच एखाद्या पोस्टातून स्पीड पोस्टने घरी पाठवून देतो, खोक्यात, भोवती वर्तमानपत्र. वजनही कमी आणि उन्हातूनही सुटका.

पाकिटावर दोन ओळी ठळक लिहा: "निगेटिव्ह परत हवी" आणि "एकच सेट, कापून नाही, स्कॅन मोठे". एका लॅबने मला नुसते स्कॅन पाठवले, निगेटिव्हचं विचारलं तर म्हणे आम्ही ठेवत नाही. हंपीचे दोन रोल असे कचऱ्यात गेले. ४०० ची फिल्म कमी उजेडात १६०० समजून वापरली असेल तर तेही डबीवर लिहा, कारण ती जास्त वेळ धुवावी लागते. मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या दुकानात खिडकीच्या उजेडात काढलेला रोल मी असाच धुऊन घेतला. भोपळा घासताना उडणारा बारीक भुसा त्यात दिसतो.

परतताना विमान किंवा रेल्वे. एक्स-रे चालतो का?

रेल्वे स्थानकावरच्या साध्या मशीनमधून ४०० ची फिल्म एक-दोनदा गेली तर काही होत नाही. विमानतळावरची नवी सीटी स्कॅन मशीनं मात्र फिल्मवर डाग पाडतात. रोल पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा, हातात द्या, हाताने तपासायची विनंती करा. आणि चेक-इनच्या सामानात तर रोल कधीच टाकू नका.

पहिल्यांदाच नेणार आहे. कुठे जाऊन बघू?

सातारा ते बामणोली आणि परत, एक मुक्काम, एक रोल. यवतेश्वरचा चढ, कासचं पठार, मग शिवसागराचं पाणी दिसेपर्यंतचा उतार. एवढ्यात ऊन, सावली, धुकं, पाणी, माणसं सगळं येतं आणि कॅमेऱ्याची खोड असेल तर तीही कळते. तराफ्याजवळ लवकर पोचा, आठनंतर पाणी नुसतं चकाकतं. दुपारी फोटो कमी, झोप जास्त.

परतीला यवतेश्वर उतरताना कॅमेरा गळ्यात पुढे लोंबकळत ठेवू नका. वळणावर ब्रेक दाबला की तो हँडलच्या स्टेमवर आपटतो. माझ्या एक्सएच्या कोपऱ्यावरची पोच तिथलीच आहे.